‘सगळीकडे सी दाबा’ मेसेजला उत्तर

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासेसच्या पालक-ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सीईटी (इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) म्हणजे लॉटरी. गणिताला दोन-दोन मार्क, म्हणून ते आधी उरका. येत नसेल तिथं चार पर्यायांतला ‘सी’ दाबा, तोच जास्त वेळा बरोबर असतो. आणि अवघड शिफ्ट आली तर वर्ष गेलं!

पहिला सल्ला तर पाळताच येत नाही. पीसीएमच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) पेपरात पहिली ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्रीची. गणित त्यानंतरच उघडतं. लिहिणाऱ्यानं पेपर पाहिलेला दिसत नाही. खरं टेन्शन पहिल्या भागातच असतं. १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताच्या ५० प्रश्नांना मात्र प्रत्येकी १०८ सेकंद मिळतात.

आता ‘सी’. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये, एवढं खरं. पण ‘सी’ला झुकतं माप आहे याला काडीचा आधार नाही. न वाचता २० प्रश्नांना कुठलंही अक्षर दाबा, सरासरी ५ बरोबर येतील. त्याच २० प्रश्नांत दोन-दोन पर्याय खोडता आले तर सरासरी १० वर जाते. म्हणजे पोराला जे अर्धंमुर्धं येतं, तेच हा सल्ला पाण्यात घालतो. (जेईई, नीटला चुकीला उणे एक आणि बरोबरला चार. तिथंही एक-दोन पर्याय खोडता आले तर उत्तर देणंच फायद्याचं.)

शिफ्टची भीती मात्र समजून घ्यायला हवी, कारण त्यापायी पोरं रडतात. परीक्षा अनेक शिफ्टमध्ये, म्हणजे सत्रांत होते आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, म्हणून निकाल नुसत्या मार्कांवर नाही, पर्सेंटाइलवर लागतो. पर्सेंटाइल तुमच्याच शिफ्टमधल्या मुलांशी तुलना करून निघतो. समजा शिफ्टला १०,००० जण बसले आणि ९,५०० जणांचे मार्क तुमच्याइतके किंवा कमी आहेत, तर पर्सेंटाइल ९५. पेपर अवघड गेला तर सगळ्यांचेच मार्क खाली येतात, तुमची जागा तीच राहते. शिफ्टचा टॉपर १०० पर्सेंटाइलवरच असतो, त्याचे मार्क कितीही असोत. यात एक गृहीतक आहे, ते लपवायचं कारण नाही: प्रत्येक शिफ्टला साधारण सारख्या तयारीची मुलं आली पाहिजेत. हजारो मुलं वाटली जातात तेव्हा ते बऱ्यापैकी जमतं, तंतोतंत नाही.

मग सगळं आलबेल आहे का? अजिबात नाही. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्यायच चुकले होते, ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. पोरांचा त्यात काय दोष?

आणि रोजचा अन्याय तर कुणाच्या मेसेजात येतच नाही. राधानगरी, गगनबावड्याकडून एसटीनं येणाऱ्या कितीतरी पोरांनी सगळा सराव मोबाइलवर केलेला असतो. परीक्षेत समोर माउस. पर्यायावर क्लिक होतं, पण ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ न दाबता पोरगी पॅलेटवरून (स्क्रीनच्या कडेच्या प्रश्न-क्रमांकांच्या चौकटीतून) थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी मारते, आणि पहिलं उत्तर जमाच होत नाही. सरावात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या मुलीला विषय येत होता.

ग्रुपवरच्या पालकांना जोर लावायचाच असेल, तर कॉलेजची कॉम्प्युटर लॅब परीक्षेआधी दोन आठवडे संध्याकाळी उघडी ठेवा, म्हणून प्राचार्यांना गाठा.