घरचा सामना जिबूतीत

आमच्या एका मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा कुणीतरी लिहिलं, "आमच्या भागातले सोमाली लोक दिवसभर चहाच्या दुकानात बसून फुटबॉल आणि राजकारणावर भांडत असतात. यांना कामधंदा नाही का?" खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी तिथे गप्प बसलो, कारण चार ओळींत उरकण्यासारखं ते नव्हतं. इथे लिहितो.

पश्चिम लंडनमधल्या अशाच एका दुकानात मी 2019 पासून जातोय. हीथ्रोला कार्गोमध्ये माझी रात्रपाळी असते. माझ्याच पाळीत एक सोमाली गृहस्थ आहेत, साठीच्या आसपासचे, सोमालीलँडची राजधानी हर्गेसा, तिथले. त्यांना सगळे 'अदीर' म्हणतात. अदीर म्हणजे काका, वडिलांचा भाऊ. मामासाठी त्यांच्याकडे 'अब्ती' हा वेगळा शब्द आहे. इंग्रजीत दोघांचाही अंकल होतो, आपल्याकडे होत नाही, त्यांच्याकडेही नाही. शनिवारी सकाळी पाळी सुटली की आम्ही दोघं तिथे जातो. वेलची, दालचिनी घालून उकळलेला दुधाचा चहा आणि सांबूस, म्हणजे आपला समोसाच. टेबलाभोवतीचे बहुतेक जण आमच्यासारखेच रात्र जागून आलेले असतात: बसचालक, टॅक्सीवाले, गोदामातले कामगार. कामधंदा उरकूनच ते भांडायला बसतात.

या बैठकीला सोमालीत नाव आहे, 'फडी कु दिरिर'. बसल्या जागी लढणं. घरचे लोक हा शब्द वैतागून वापरतात आणि त्यांची तक्रार खरी आहे. त्या टेबलांवर बायका नसतात. पोरांचा अभ्यास, घरभाडं, आजारपण त्या एकट्या ओढतात आणि इकडे सोमालियाच्या राजधानीतलं, मोगादिशूचं सरकार पाडलं जातं, पुन्हा बसवलं जातं. अदीरच्या मुलीने हे मला तोंडावर सुनावलंय आणि मला ते मान्य आहे. तरीसुद्धा या बोलण्याला रिकामटेकडेपणा म्हणणं मला अन्याय वाटतो.

सोमाली माणूस भेटला की विचारतो, "इस्का वर्रन?" स्वतःची बातमी सांग. बातमीला त्यांच्या भाषेत 'वर' म्हणतात, आणि तो शब्द त्यांच्या रामरामातच बसलाय. उंट-शेळ्या घेऊन फिरणाऱ्या समाजात पाऊस कुठे पडला, चारा कुठे आहे, कुठल्या वाटेवर मारामारी चालू आहे, हे वाटेत भेटणाऱ्याकडूनच कळायचं. बातमी दडवणं वाईट मानलं जाई. नंतर रेडिओ आला. बीबीसीची सोमाली सेवा 1957 पासून चालू आहे. संध्याकाळी बातम्या लागल्या की वडील घरात कुणाला खोकूही देत नसत, असं अदीर सांगतात. आता ते काम मोबाइल करतो, पण आलेली बातमी दहा जणांत मांडून, उलटसुलट तपासून घेण्याची सवय तीच आहे.

मी पहिल्यांदा गेलो तो शनिवार सप्टेंबर 2019 मधला. दोनच दिवसांपूर्वी, 5 तारखेला, सोमालियाच्या फुटबॉल संघाने झिम्बाब्वेला 1-0 ने हरवलं होतं. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्या देशाने जिंकलेला तो पहिलाच सामना. दुकानात लग्नघरासारखी गडबड होती. कुणीतरी माझ्या हातात चहा दिला आणि मी अगदी भाबडेपणाने विचारलं, "मोगादिशूत तर रस्त्यावर मिरवणुका निघाल्या असतील?" एक जण म्हणाला, "सामना मोगादिशूत नव्हता. जिबूतीत होता."

घरचा सामना, आणि तो शेजारच्या, दुसऱ्याच्या देशात. सुरक्षेमुळे मोगादिशूत खेळायची सोयच नव्हती. चीनच्या मदतीने उभारलेलं तिथलं मोठं स्टेडियम कधी संयुक्त राष्ट्रांच्या फौजांचा तळ होतं, कधी इथिओपियाच्या, कधी अल-शबाब या अतिरेकी संघटनेच्या ताब्यात, नंतर आफ्रिकी संघाच्या सैन्याकडे. खेळाडूंसाठी ते पुन्हा उघडलं 2020 मध्ये. त्याआधी 2010 च्या विश्वचषकाच्या वेळी तर टीव्हीवर सामना बघणं हाच गुन्हा ठरवून अतिरेक्यांनी बघणाऱ्यांना ठार मारलं होतं. जिबूतीतल्या विजयानंतर पाच दिवसांनी झिम्बाब्वेत, हरारेतला परतीचा सामना 3-1 ने गेला आणि सोमालिया स्पर्धेबाहेर पडला. पण माझ्या डोक्यात जिबूती अडकून राहिलं.

"खेळात राजकारण आणू नका" हे वाक्य मीही आयुष्यभर बोलत आलोय. वानखेडेच्या गावाजवळ वाढलेल्या माणसाला ते बोलणं सोपं असतं. ज्यांच्या संघाला स्वतःचं मैदानच नाही त्यांनी खेळ आणि राजकारण वेगळं काढायचं कसं? आपला खेळाडू कुठल्या देशाच्या बनियनमध्ये धावतोय हाच त्यांच्यासाठी राजकारणाचा पहिला प्रश्न असतो.

ब्रिटनचा धावपटू मो फराह, त्याचंच घ्या. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 5,000 आणि 10,000 मीटर अशी दोन सुवर्णपदकं, 2016 मध्ये रिओत पुन्हा तीच दोन, त्यातही 10,000 च्या शर्यतीत मध्येच पडून, उठून. ब्रिटन म्हणतं आमचा. मोगादिशूचे लोक म्हणतात सोमाली रक्त. अदीर म्हणतात, तो सोमालीलँडमध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या आमच्या भागात जन्मला, आमचा. हा हट्ट मला आधी पोरकट वाटायचा. मग एकदा त्यांनी 1988 सालाबद्दल सांगितलं. सोमालियाचा तेव्हाचा हुकूमशहा सियाद बारे, त्याच्या विमानांनी हर्गेसाच्याच विमानतळावरून उडून हर्गेसावर बॉम्ब टाकले. स्वतःच्या सरकारने स्वतःचं शहर जमीनदोस्त केलं. 1991 मध्ये सोमालीलँडने वेगळं झाल्याचं जाहीर केलं, पण जगाने मान्यता दिली नाही. डिसेंबर 2025 मध्ये इस्रायलने दिली, तेव्हा त्या टेबलाची दोन टेबलं झाली. मोगादिशूचे दोघे आणि अदीर तीन आठवडे एकमेकांशी बोलले नाहीत. पुन्हा एकत्र आले ते आर्सेनलच्या सामन्याला.

जुलै 2022 मध्ये फराहने बीबीसीवर स्वतःहून सांगितलं की त्याचं खरं नाव हुसेन अब्दी काहीन. वडील हिंसाचारात मारले गेले. नवव्या वर्षाच्या आसपास त्याला दुसऱ्याच मुलाच्या नावाने इंग्लंडमध्ये आणून एका घरात राबवून घेतलं. शाळेतल्या व्यायामशिक्षकाला त्याने खरं सांगितलं, तेव्हा त्याची सुटका झाली. त्या शनिवारी दुकानात कुणी वाद घातला नाही. एक टॅक्सीवाला एवढंच म्हणाला, "आता बाकीच्यांनाही बोलता येईल." बाकीचे म्हणजे कोण, हे त्याला कुणीही विचारलं नाही.

आणि टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन. ती सप्पोरोत झाली, 8 ऑगस्ट 2021 ला. आमच्याकडे रात्रीचा एक वाजून गेला होता. ब्रेकमध्ये अदीरच्या मोबाइलवर आम्ही चौघं डोकं लावून उभे होतो. केनियाचा किपचोगे केव्हाच पुढे निघून गेला होता. मागे रुपेरी आणि कांस्य पदकासाठी झुंज चालू होती आणि त्यात दोघे मोगादिशूत जन्मलेले, दोघेही 1989 चे, एकत्र सराव करणारे मित्र: नेदरलँड्सच्या बनियनमध्ये अब्दी नगीये, बेल्जियमच्या बनियनमध्ये बशीर अब्दी. शेवटच्या काही मीटरवर नगीये पुढे निघाला. पदक हातात होतं. आणि तो पळता पळता मागे वळून बशीरला हाताने खुणावू लागला, ये, ये, ये. बशीरने सगळा जीव एकवटून केनियाच्या चेरोनोला गाठलं, मागे टाकलं. नगीये दुसरा, बशीर तिसरा.

अदीर रडत होते. मी विचारलं, कुठला देश जिंकला? खरंच विचारलं, मला समजून घ्यायचं होतं. ते म्हणाले, "कागदावर विचारतोस की तोंडावर?" म्हणजे चेहऱ्यावर.

आपल्या मराठी बातम्यांमध्ये 'सोमाली' या शब्दाला जोडून 'चाचे' हा एकच शब्द येतो. मार्च 2024 मध्ये नौदलाने 35 चाचे पकडून मुंबईत आणले, तेव्हा मला घरून तीन फोन आले, "तुझ्या मित्रांना पकडलं बघ." पण सोमालियाचे सध्याचे राष्ट्राध्यक्ष हसन शेख मोहमूद भोपाळला शिकलेत, हे त्या फोनवाल्यांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. ब्रिटिश जहाजांवर आपल्या कोकणातले खलाशी राबत, तसे सोमाली खलाशीही राबत. कार्डिफच्या गोदीत त्यांची वस्ती शंभर वर्षांहून जुनी आहे.

त्या दुकानात एकच विषय असा आहे ज्यावर वाद होत नाही. सोमालियाची धावपटू सामिया युसुफ ओमर. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 200 मीटर धावली, सर्वांत शेवटी आली, 32.16 सेकंद. मोगादिशूच्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर सराव केलेली मुलगी. पुढच्या ऑलिंपिकची तयारी नीट करता यावी म्हणून ती युरोपकडे निघाली आणि 2012 मध्ये भूमध्य समुद्रात बुडाली. ते जगाला कळलं त्याच ऑगस्टमध्ये, ज्यात लंडन फराहच्या पदकांनी वेडं झालं होतं. सांगणारा होता अब्दी बिले, 1987 मध्ये रोमला 1,500 मीटरचा जगज्जेता झालेला, सोमालियाचा पहिला. सगळे फराहबद्दल बोलत होते, तेव्हा त्याने विचारलं, सामियाचं काय झालं माहीत आहे का?

32.16 हा आकडा दुकानातल्या प्रत्येकाला पाठ आहे. फराहची वेळ एकालाही सांगता आली नाही, मी विचारून पाहिलंय.

ग्रुपवर ज्यांनी लिहिलं ते हे वाचतीलच. आम्ही शनिवारी सकाळी आठला तिथे असतो. मेसेज करा, पत्ता पाठवतो.