फॅक्टरी फार्मिंगला बिनधोक विरोध कसा करावा

फॅक्टरी फार्मिंगला (म्हणजे कोंबड्या-जनावरं कारखान्यासारखी दाटीवाटीने कोंडून वाढवायला) विरोध तर करायचाय पण त्याने कुणाचं काहीच बिघडायला नको, असं ज्यांना मनापासून वाटतं (म्हणजे तुम्ही, मी, जवळपास सगळेच) त्यांच्यासाठी थोडं मार्गदर्शन करतो. अनुभव दांडगा आहे, मी स्वतः गेली तीन वर्षं "सोमवारपासून" वर आहे.

पहिलं काम म्हणजे वाईट वाटून घेणं. व्हिडिओ आला की पहिले दहा सेकंद बघायचा, रडका इमोजी टाकायचा, फॉरवर्ड करायचा. पुढचा बघायचा नाही, कारण पुढे मग प्रश्न पडायला लागतात आणि ऐन जेवणाच्या वेळेला प्रश्न पडले की पचत नाही.

मग खरेदी. पाकिटावर हिरवंगार कुरण आणि उगवता सूर्य असतो, आणि कोंबडी अशी खुशीत की जणू माहेरपणाला आलीय. त्या चित्रावर पूर्ण विश्वास ठेवा. बॅटरी केजमधल्या (म्हणजे ओळीने रचलेल्या तारेच्या पिंजऱ्यांतल्या) कोंबडीला ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा मिळते, पंख पसरायचे म्हटलं तर शेजारणीला विचारावं लागतं, पण हे पाकिटावर कुठे लिहिलंय? "केज-फ्री" (पिंजऱ्याविना) दिसलं तर लगेच मोकळं रान डोळ्यासमोर आणायचं, बंद शेडमध्ये हजारो कोंबड्या एकत्र कोंबल्या तरी ते केज-फ्रीच असतं हा असला कीस पाडत बसायचं नाही. युरोपात तर अंड्यावरच आकडा छापतात, पहिला आकडा 3 म्हणजे पिंजरा आणि 0 म्हणजे सेंद्रिय, इतकं सोपं. सोप्या गोष्टींपासून तर जास्तच सांभाळून राहा, चुकून समजतात.

अंड्यांसाठी वाढवायच्या जातीत नर पिल्लू जन्माला आलं तर ते अंडी देणार नाही, आणि मांसासाठी वाढवायला परवडत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी त्याचा निकाल लावतात, मशीनमध्ये किंवा गॅसने, जगभरात दरवर्षी अशी अब्जावधी. जर्मनीने 2022 पासून यावर बंदी घातली, अंड्यातच नर की मादी ते ओळखायचं तंत्र आहे म्हणे. असू दे. आणि मांसाची ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत कापायला तयार होते, तोवर अंग इतकं वाढलेलं असतं की कित्येकींना धड चालताही येत नाही, आणि आपण तिला "टेंडर" म्हणतो.

आता सगळ्यात जालीम उपाय, शंभर टक्के नाहीतर काहीच नाही. कोणी म्हणालं की मी मांस निम्म्यावर आणलंय, तर त्याच्या पायातल्या चामड्याच्या बुटांकडे बोट दाखवा. कोणी अंडी सोडली तर विचारा, दुधाचं काय? (गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही आणि तिच्या गोऱ्ह्याचं पुढे काय होतं, हे मात्र स्वतःला कधी विचारू नका.) अशाने समोरचा दोन दिवसांत पूर्ववत होतो, गॅरंटी.

कँटीनवाल्याला, हॉटेलवाल्याला अंडी कुठून येतात ते विचारायचं नाही, बरं दिसत नाही. कंपनीला मेल तर अजिबात नाही, 2015-16 च्या सुमाराला कित्येक मोठ्या कंपन्यांनी 2025 पर्यंत फक्त केज-फ्री अंडी घेऊ असा शब्द दिला होता, त्याचं काय झालं असं त्यांना विचारणं म्हणजे पाहुण्याला "कधी निघताय" विचारण्यासारखं आहे.

मतदानापासूनही लांबच राहा. कॅलिफोर्नियात 2018 मध्ये लोकांनीच मतदान करून डुकरं, कोंबड्या, वासरं अशी कोंडून ठेवण्यावर कायदा आणला, सुमारे 63 टक्के लोक हो म्हणाले, डुक्करवाले सुप्रीम कोर्टात गेले आणि 2023 मध्ये हरले. बघा किती त्रास झाला बिचाऱ्यांना. त्यापेक्षा स्वित्झर्लंड बघा, 2022 मध्ये फॅक्टरी फार्मिंग बंद करायचा प्रस्ताव सुमारे 63 टक्क्यांनीच पाडला, टक्के तेच, बटण वेगळं. ऑनलाइन सही करायला हरकत नाही, पण करून विसरायचं. युरोपात पिंजरे बंद करा म्हणून सुमारे 14 लाख सह्या जमल्या, युरोपियन कमिशनने (युरोपियन युनियनचे कायदे सुचवणारी संस्था) 2021 मध्ये सांगितलं की 2023 संपायच्या आत प्रस्ताव आणतो, 2023 संपलं, प्रस्ताव आलाच नाही. सह्या करणाऱ्यांनी पाठपुरावा थोडा कमी केला असता तर उगाच कमिशनला अवघडल्यासारखं झालं नसतं.

अँटिबायोटिकचं टेन्शन घेऊ नका. गर्दीत जनावरं आजारी पडू नयेत म्हणून निरोगी असतानाच औषध देतात, त्यातून औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात, पण ते जंतू आपल्याकडे येतील तेव्हा आपण आपल्या डॉक्टरवर चिडू की.

तर ठरलं, सोमवारपासून. लवकर उठून सुरुवात करायची असेल तर मोबाईलला अलार्म लावा, कोंबडं आरवायची वाट बघू नका. ते पहिल्याच दिवशी गेलं.