निवळशंख म्हणजे निर्धोक नव्हे

एक मजकूर सतत फिरत असतो: ‘रस्त्याकडेच्या झऱ्याचं पाणी जमिनीच्या थरांतून गाळून येतं. टीडीएस मीटरवर शंभराच्या आत भरतं, चवीला गोड लागतं. लोक पिढ्यान्‌पिढ्या पितात, कुणाला काही होत नाही. उकळून किंवा औषध टाकून त्याची वाट लावू नका.’ एखाद्या झऱ्यापुरतं यातलं बरंचसं खरंही असेल. घोटाळा होतो तो सरसकट सगळ्या झऱ्यांना लावल्यावर.

‘जमीन पाणी गाळते.’ गाळते, पण कोणती जमीन? बारीक वाळूच्या जाड थरातून पाणी महिनोन्‌महिने झिरपत आलं, तर बहुतेक जंतू वाटेतच अडकतात किंवा मरतात. चुनखडीच्या किंवा भेगाळलेल्या खडकात मात्र ते झिरपत नाही, नळीतून यावं तसं धावतं. उतारावर पडलेल्या शेणाचा अंश काही तासांत खालच्या पन्हळीत उतरू शकतो.

हा फरक घरगुती साधनांनीही बराचसा कळतो. दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते कोरड्या दिवशी लिहून ठेवा, सोबत पाण्याचं तापमानही. मग जोरदार पावसानंतर काही तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. चाळीस सेकंदांची बादली पंधरा सेकंदांत भरली, काचेचा ग्लास उजेडाकडे धरल्यावर धुरकट झाक दिसली किंवा तापमान हवेबरोबर वरखाली होऊ लागलं, तर पृष्ठभागावरचं पाणी फारसं न गाळता झऱ्यात शिरतंय. त्या दिवसांत तिथे कॅन लावूच नका. धार आणि तापमान बारा महिने स्थिर असेल तर खूण चांगली. पण ती खूणच, दाखला नव्हे. एवढं झाल्यावर झऱ्याच्या वरच्या अंगाला चढून बघा: शौचखड्डा, गोठा, खत टाकलेलं शेत, टाकीचं फुटकं झाकण. झऱ्याबद्दलची निम्मी माहिती तिथे मिळते, आणि नेमकं तिथेच कुणी जात नाही.

‘टीडीएस कमी आहे.’ हा मीटर पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. पावसाच्या पाण्याने शेण धुऊन आणलं तरी आकडा झकास येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा की १०० मिलीलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण देणारा आतड्यातला जंतू, मुळीच सापडता कामा नये. त्यासाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली लागते. नमुना बर्फावर ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत पोचवायचा, आणि तो मोठ्या पावसानंतर घ्यायचा. कोरड्या दिवसातला एकच चांगला अहवाल वर्षभर दाखवत फिरणं ही निव्वळ फसवणूक आहे, स्वतःचीही.

‘कुणाला काही होत नाही.’ कुणी मोजलंय? जिआर्डिया या जुलाब घडवणाऱ्या परजीवीचा त्रास साधारण एक-दोन आठवड्यांनी सुरू होतो. हिपॅटायटिस ए ची कावीळ सरासरी चार आठवड्यांनी दिसते. एवढ्या दिवसांनी झरा कुणाला आठवणार? नेहमी तेच पाणी पिणाऱ्यांना काही जंतूंविरुद्ध थोडी प्रतिकारशक्ती आलेली असू शकते. पाहुण्याला आणि तान्ह्या बाळाला ती नसते. चवीचं म्हणाल, तर १८५४ च्या कॉलऱ्यात लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट पंपाचं पाणी एका बाईंना इतकं आवडायचं, की दूर राहायला गेल्यावरही त्या ते मागवून घेत. त्या कॉलऱ्यानेच गेल्या.

‘उकळू नका.’ उकळाच. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या आणि कापडातून गाळा. तुरटीने गाळ बसतो, पाणी निर्जंतुक होत नाही. इंधन नसेल तर ५-६ टक्क्यांचं, सुवास नसलेलं ब्लीच लिटरला दोन थेंब टाकून अर्धा तास थांबा. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा दुसरा परजीवी मात्र ब्लीचला दाद देत नाही. उकळण्यालाही मर्यादा आहे: नायट्रेट, आर्सेनिक, फ्लोराइड त्याने जात नाहीत, पाणी आटल्याने उलट थोडे दाट होतात. नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर ते पाणी तान्ह्या बाळाच्या बाटलीच्या दुधासाठी वापरायचंच नाही.

आणि झरा खरंच चांगला असला तरी कॅनचं काय? अनेक जण पन्हळीची नळी थेट कॅनच्या तोंडात खुपसतात. आधीच्या दहा कॅनांना लागलेलं सगळं आपल्या पाण्यात येतं. तोंड धारेखाली बोटभर अंतरावर धरा. रिकाम्या कॅनच्या आत बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर तो जंतूंचा थर आहे, नुसतं विसळून जात नाही. साबण आणि लांब ब्रशने घासून धुवा, मग लिटरभर पाण्यात चहाचा चमचाभर ब्लीच घालून सगळीकडे लागेल असं अर्धा मिनिट हलवा, ओतून टाका आणि स्वच्छ पाण्याने विसळा. ब्रश आत जात नसेल तर तो कॅन पिण्याच्या पाण्यासाठी ठेवू नका. भरलेला कॅन उन्हात नको, शेवाळ धरतं. पाणी तोटीने किंवा ओतून घ्या, आत पेला बुडवू नका.