बाणेरात फ्लॅट घेताय? मग पाण्याचं विचारू नका

वाड्याच्या वाटणीचे पैसे हातात आले असतील आणि पोरांना क्लबहाऊसशिवाय करमत नसेल, तर सरळ बाणेर-बालेवाडी गाठा. ही गावं पुणे महापालिकेत आली 1997 साली. अहो, कालपरवाची गोष्ट! नळाला भरपूर पाणी यायला इतकी घाई कशाला?

सॅम्पल फ्लॅट बघायला जाताना टेप नेऊ नका, उगाच मन खट्टू होतं. तिथं खोल्यांना दारं नसतात, भिंतीच्या जागी काच असते आणि पलंग एवढा बेताचा, की तुमच्या मेव्हण्याचे पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबतील. जेवणाच्या टेबलावर मोसंब्यांची परडी असते. मी एक मोसंबं उचलून पाहिलं, प्लास्टिकचं निघालं. सेल्सच्या पोराने ते माझ्या हातातून अलगद काढून घेतलं आणि देठ वर करून परत ठेवलं. फ्लॅटचा ताबा देतानाही माणसाने इतकी काळजी घेतली पाहिजे.

प्रोजेक्टला अजून महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी नंबर नाही? मग तर सोन्याहून पिवळं. नोंदणीआधी विक्री करायला कायद्याने मनाई आहे, म्हणून ते तुम्हाला काही विकतच नाहीत. फक्त चेक घेतात. त्याला ‘ईओआय’ (एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट, म्हणजे नुसती इच्छा) म्हणायचं आणि रेट ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’. सख्ख्या काकाने दिवाळीला बोलावलं नसेल, पण बिल्डरने फॅमिलीत घेतलं ना?

दीड कोटीचा फ्लॅट दीड कोटीला मिळतो, असं समजणारा माणूस पेठेतच बरा. मुद्रांक शुल्क आणि मेट्रोचा अधिभार मिळून 7 टक्के, म्हणजे साडेदहा लाख. बांधकाम चालू असेल तर जीएसटी 5 टक्के, साडेसात लाख. नोंदणीचे 30 हजार. बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलात तर शुल्कात एक टक्का सूट, दीड लाख वाचतात. (हे सासरेबुवांच्या कानावर आधीच गेलेलं असतं.) चटई क्षेत्राबद्दल (कार्पेट एरिया हो) कटकट नको. जिना-लॉबीचा वाटा धरून क्षेत्रफळ फुगवणारं सुपर बिल्टअपचं लोडिंग गेलं, रेट तेवढा वर गेला; फिट्टंफाट.

आता पाणी. महापालिकेचं पाणी पुरेसं मिळेपर्यंत आम्ही पुरवू, असं हमीपत्र इथल्या कित्येक बिल्डरांनी महापालिकेला लिहून दिलंय. बिल्डर सोसायटी ताब्यात देऊन पुढच्या साइटवर जातो, आणि हमीपत्र फायलीत सुखाने नांदतं. त्यानंतर तुमच्या आयुष्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो. पहाटे साडेपाचला रिव्हर्स घेताना तो जे टूंटूं वाजवतो, त्याला अ‍ॅमेनिटी समजा. गजराचा खर्च वाचला. मेंटेनन्समध्ये टँकरचा आकडा दिसेल तेव्हा नजर राम नदीकडे वळवा. ब्रोशरमध्ये तिला ‘रिव्हर व्ह्यू’ म्हटलंय, फक्त वास छापायचा राहून गेलाय.

राहायला गेल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर एखादा नवखा सभासद लिहील, “आज पण पाणी नाही का?” त्याला चेअरमन लगेच खासगीत फोन करतील. ग्रुपवर पाण्याचं काढायचं नाही, रीसेलचा रेट पडतो. तुम्हीही काढू नका. रविवारी मावसभाऊ फ्लॅट बघायला येईल, हात धुवायला बेसिनशी जाईल, नळ सोडेल, नळ नुसता फुसफुसेल. तेव्हा त्याला खांद्याला धरून बाल्कनीत न्या आणि म्हणा, “आधी व्ह्यू बघ ना रे!”