सुयांचा चहा कसा प्यावा

घरात तुळस आहे, गवती चहा आहे, आलं आहे, खिडकीतल्या कुंडीत ओवाही लावलाय. तरी तुमचे गुडघे दुखतातच. कारण उघड आहे. ही सगळी मंडळी तुम्हाला लहानपणापासून ओळखतात, आणि ओळखीच्या वैद्याचा कधी कुणाला गुण आलाय? पिकतं तिथे विकत नाही. गुण यायचा तर वनस्पती हजार-दीड हजार किलोमीटर लांबची हवी, तिचं नाव आजीने कधी ऐकलेलं नसावं, आणि तिची माहिती सकाळी सहाच्या आत, गुलाबाच्या चित्राखाली, फॅमिली ग्रुपवर यावी. पाइनच्या सुयांचा, म्हणजे त्याच्या सुईसारख्या पानांचा, चहा या तिन्ही कसोट्यांना उतरतो. तेव्हा उशीर करू नका.

आधी झाड शोधा. ठाण्यात राहतो ही अडचण मानू नका. सूचिपर्णी वृक्ष थंड प्रदेशात वाढतात असं भूगोलात घोकलं होतं, पण ते मार्कांपुरतं. घोडबंदर रोडवरून जाताना पाट्या वाचा : कुठे पाइन, कुठे सीडार, कुठे नुसतंच वुड्स. बिल्डर खोटं बोलेल का? शिवाय तुमच्या कॉम्प्लेक्सच्या गेटपाशी ते मजल्यामजल्यांचं झाड आहेच, डिसेंबरात ज्याला दिवे लावतात. कुणी आगाऊ माणूस सांगेल की ही अरॉकेरिया, मूळची ऑस्ट्रेलियाच्या बाजूच्या नॉरफोक बेटावरची, पाइनच्या कुळातलीसुद्धा नाही. खऱ्या पाइनच्या सुया बहुधा दोन, तीन नाहीतर पाचच्या जुडीने येतात, हिमालयातल्या चीड पाइनच्या तीन, असंही तो सांगेल. (ही चीड हिंदीतली. मराठीतली त्या आगाऊ माणसाला येते.) सुया मोजत बसलात तर आधण आटून जाईल.

अरॉकेरिया नसेल तर सुरू चालेल. इंग्रजीत त्याला ऑस्ट्रेलियन पाइन म्हणतातच, म्हणजे नात्याचा पुरावा झाला. त्याच्या सुया म्हणजे पानं नसून बारीक डहाळ्या, खरी पानं सांध्यांवर खवल्यांएवढी, हा तपशील चहात विरघळत नाही. सुरूही नसेल तर मोरपंखी. चौथीच्या पुस्तकात तुम्ही तिला विद्या म्हणून जपून ठेवलंत. विद्या तिने दिली नाही, आता आरोग्य देईल. तिच्या थुजा नावाच्या चुलतभावाच्या तेलात थुजोन असतं आणि ते जास्त पोटात गेलं तर झटके येतात म्हणे. असेनात. वहीत ठेवून कुणाला आले होते?

झाडांच्या भानगडीत पडायचं नसेल तर ऑनलाइन पुडी मागवा. वर बर्फाच्या डोंगराचं चित्र, आत हिरवट चुरा. त्या डोंगरांत थुनेरही वाढतो. इंग्रजीत त्याला यू म्हणतात. पानं लांबून तशीच सुईसारखी, आणि त्यांतलं टॅक्सीन हृदयाचे ठोके बिघडवून माणसाला मारू शकतं. याच कुळातल्या अमेरिकी झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध प्रथम मिळालं. यातलं पॅक्लिटॅक्सेलचं वाक्य तेवढं पुढे पाठवा.

आता फायदे. कुणी शंका काढलीच तर इतिहास तोंडावर मारा. 1535च्या हिवाळ्यात झाक कार्तिये हा फ्रेंच दर्यावर्दी आजच्या क्वेबेकजवळ बर्फात अडकला. क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या स्कर्व्हीने पंचवीसेक माणसं गेली, मग तिथल्या रहिवाशांनी एका झाडाच्या सालपानांचा काढा दाखवला आणि उरलेले उठून बसले. ते झाड पाइन होतं की दुसरंच काही, यावर अभ्यासक अजून भांडतात, पण तुम्ही अभ्यासक नाही. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला, तेव्हा उपाशी शहरात पाइनच्या सुयांचा अर्क काढून लोकांना क जीवनसत्त्व पाजलं. हे अगदी खरं आहे. आता एवढंच करायचं, की आपण नौपाड्यात असून लेनिनग्राडात आहोत असं समजायचं. जांभळी नाक्यावरून जाताना डोळे मिटून घ्या, कारण तिथे हातगाडीवर आवळे असतात आणि पेरू असतात. शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास भरतं, मोठ्या माणसाला दिवसाला शंभराच्या आतच लागतं, आणि पेरू उकळावा लागत नाही. उकळल्यावर क जीवनसत्त्वाचा बराच भाग उडतो ही आणखी एक कटकट. पण पेरू खाऊन कुणी ग्रुप अॅडमिन झाल्याचं ऐकलंय?

खरं रत्न वेगळंच आहे. 2021 साली कोविडची लस घेऊन आलेल्या लोकांना कळलं की लशीचा उतारा पाइनच्या चहात आहे, कारण त्यात सुरामीन असतं. काट्याने काटा काढतात, तसं सुईने सुई. सुरामीन हे जर्मन कंपनी बायरने शंभरेक वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत बनवलेलं औषध. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर ते शिरेतून देतात, कारण पोटातून ते अंगी लागतच नाही. पाइनमध्येच काय, कुठल्याच झाडात ते नसतं. म्हणजे झाडात नसलेलं, प्यायलं तरी न लागणारं औषध, न झालेल्या रोगावर. इतकं निर्धोक दुसरं काही दाखवा! कुणी शिकिमिक आम्लाचं नाव काढलं तर मात्र विषय बदला. ते सुयांत असतं खरं, पण टॅमिफ्लू हे फ्लूवरचं औषध बनवायला ते मुख्यतः बदामफुलातून काढतात, आणि बदामफूल तुमच्या मसाल्याच्या डब्यात पडून आहे. डब्यातली गोष्ट चमत्कार कसली करणार? शिवाय त्या आम्लाचं औषध व्हायला कारखान्यात बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात, आणि तुमचे गुडघे आधीच दुखतायत.

गर्भवतीला हा चहा देऊ नये असं सांगणारे भेटतील. अमेरिकेत पॉन्डेरोसा पाइनच्या सुया खाऊन गाभण गाई गाभडतात, त्यातलं आयसोक्युप्रेसिक आम्ल त्याचं कारण, हे नीट तपासलेलं आहे. पण ती गाय. सूनबाई एमबीए आहे.

कोरियातले लोक पूर्वापार हा चहा पितात, नीट ओळखलेल्या झाडाचा, पातळसा, कपभर, आणि सहसा कुणाला काही होत नाही. त्यांचं चुकतं ते इथेच : त्यांना फक्त चहा प्यायचा असतो. तुम्ही बीपीची गोळी बाजूला ठेवून प्या. जिना नुकताच फिनेलने पुसलाय असा वास आला तर समजा चहा जमला. फिनेलमधलं पाइन तेल त्याच घराण्यातलं.

आता उठा आणि कात्री घेऊन गेटपाशी जा. माळीकाका धावत येतील आणि म्हणतील, "ताई, त्याला हात नका लावू, कालच औषध मारलंय." बघा, वरून औषधही घातलेलं आहे. चार फांद्या जास्तच घ्या.