‘घरी झकास, ऑफिसात फिका’: प्रोजेक्टरच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की रात्री हॉलमध्ये सिनेमा छान दिसतो, पण ऑफिसात सकाळच्या मीटिंगला एक्सेलची शीट कुणालाच वाचता आली नाही. बॉक्सवर 9000 ल्युमेन्स आणि 4के छापलंय, ती सरळ फसवणूक आहे, असंही तुम्ही म्हणता. आणि मोबाइलवरून नेटफ्लिक्स लावलं की नुसता आवाज येतो, चित्र काळंच. तुम्हाला जे दिसलं ते सगळं तसंच आहे, पण मशीन बिघडलेलं नाही. सविस्तर लिहितोय, कारण दहा हजारांच्या आतला प्रोजेक्टर घेणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते.

आधी बॉक्सवरचा आकडा. हे 9000 नेमके कशाचे, ते छापणारा कुठेच सांगत नाही. भिंतीवर पोचणारा उजेड अ‍ॅन्सी ल्युमेन्समध्ये मोजतात: पांढऱ्या चित्राचे नऊ भाग करायचे, प्रत्येकात मीटर धरायचा, सरासरी काढायची आणि तिला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचं. तुमच्या मशीनचा तो आकडा 200 आहे. आम्ही तो प्रत्येक बिलावर हाताने लिहून देतो, तुमच्याही बिलावर आहे. बॉक्सवरची छपाई आमच्या हातात नाही, पण तिचा मला मनापासून संताप येतो. छापतो कुणी, आणि विश्वास उडतो तपकीर गल्लीतल्या दुकानदारावरचा. 4केचंही तसंच. 4केचा सिग्नल हे मशीन घेतं, पण दाखवतं आतल्या पॅनेलएवढंच (ज्यावर चित्र तयार होतं तो भाग), म्हणजे 1280 बाय 720 ठिपके.

आता ऑफिस. 100 इंची चित्राचं क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर भरतं. 200 ल्युमेन्स तेवढ्या जागेवर पसरले की भिंतीवर साधारण 70 लक्स (म्हणजे दर चौरस मीटरला 70 ल्युमेन्स) उजेड पडतो. ऑफिसात टेबलावर 300 ते 500 लक्स उजेड ठेवण्याची पद्धत आहे. भिंतीवर तो थोडा कमी पडतो, तरी प्रोजेक्टरच्या उजेडापेक्षा जास्तच. शिवाय प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. चित्रात जिथे काळं आहे तिथे तो फक्त उजेड देत नाही, म्हणजे तिथे दिसते ती तुमची भिंत. ट्यूबलाइटखाली भिंत उजळ, म्हणून काळी अक्षरंही राखाडी. एक्सेलमध्ये तर रेघा मुळातच फिक्या करड्या, आणि महत्त्वाचे आकडे आपण फिक्या पिवळ्याने रंगवतो. ते दोन्ही आधी गायब होतात. सिनेमा रात्री दिवे मालवून बघतो, म्हणून तिथे हाच प्रोजेक्टर पुरून उरतो.

मग ऑफिसात काही जमेल का? सात-आठ जणांच्या मीटिंगपुरतं जमेल. चित्र 60 इंचांवर आणा. क्षेत्रफळ एक चौरस मीटरवर येतं आणि तोच उजेड 200 लक्सच्या आसपास जातो. भिंतीजवळची ट्यूब बंद ठेवा, खिडकीचा पडदा ओढा, मागच्या ट्यूबा चालू राहिल्या तरी हरकत नाही. लॅपटॉपचं रिझोल्यूशन 1280 बाय 720 करा. नाहीतर लॅपटॉपचे 1920 बाय 1080 ठिपके प्रोजेक्टर लहान पॅनेलमध्ये कोंबतो आणि बारीक अक्षरं चुरगळतात. पूर्ण शीट दाखवू नका, लागणारे रकाने मोठे करून दाखवा.

आणि प्रोजेक्टर भिंतीच्या बरोबर समोर ठेवा. तुम्ही टाकलेल्या फोटोत तो कोपऱ्यातल्या कपाटावर तिरपा ठेवलेला दिसतोय आणि वाकडं पडलेलं चित्र कीस्टोनच्या सेटिंगने चौकोनी केलंय. कीस्टोन म्हणजे पॅनेलचा काही भाग वाया घालवून केलेली कापाकापी. फोटोत डावीकडची नावं स्पष्ट आहेत आणि उजवीकडची प्रीमियमची रक्कम पुसट आहे, ती त्यामुळेच. तिरप्या चित्राला फोकसही सगळीकडे सारखा बसत नाही.

नेटफ्लिक्सचं कारण वेगळं. मोबाइलची स्क्रीन वायफायने प्रोजेक्टरवर टाकली की कॉपी होऊ नये म्हणून अ‍ॅप चित्र अडवतं, आवाज तेवढा सोडतं. एचडीएमआयमध्ये टीव्हीची स्ट्रीमिंग स्टिक लावा, अडचण मिटेल. स्टिकला वीज मात्र तिच्या स्वतःच्या अडॅप्टरने द्या. प्रोजेक्टरच्या यूएसबीवर ती मध्येच बंद पडते.

तुम्ही लिहिलंय की दुकानात कुणी काही सांगितलं नाही. खरेदीला तुमचा मुलगा आला होता. त्याने घरच्या हॉलसाठी, रात्री मॅच आणि सिनेमे बघायला मागितला, आणि त्या कामाला मी आजही हेच मशीन देईन. ऑफिसचं बोलणं निघालं असतं तर मी हे दिलं नसतं. गणपतीत सोसायटीच्या मैदानात लावायला म्हणून लोक हाच मागतात, त्यांनाही मी नाही म्हणतो. आरतीचा मंडप झगमगत असताना 200 ल्युमेन्स काय करणार! रोज उजेडात मीटिंग असेल तर 43 इंची टीव्ही भिंतीवर लावा, आकडे दुपारीही वाचता येतात. मोठंच चित्र हवं असेल तर 3000 ल्युमेन्सच्या पुढचा ऑफिसचा प्रोजेक्टर घ्या. तो महाग आहे, हातात घेऊन फिरण्यासारखा नाही, पण त्या कामासाठीच बनलेला आहे.

तरी बदलूनच हवा असेल तर बिल, बॉक्स आणि रिमोट घेऊन या. टीव्ही किंवा मोठा प्रोजेक्टर घेतलात तर याची पूर्ण किंमत वळती करून देईन. त्याआधी एकदा ऑफिसचा लॅपटॉप आणि तीच शीट घेऊन दुपारी दुकानात या. मागच्या खोलीत दिवे चालू ठेवून 60 इंचांवर लावून दाखवतो. वाचता आली तर ठेवा, नाही आली तर तिथेच बदलून देतो.