स्क्रोलबारची मर्जी

नागपूरच्या कळमना मार्केटातल्या एका अडत्याच्या हिशेबाचा प्रोग्राम माझ्याकडे आहे. जावा स्विंगमध्ये, म्हणजे जावा भाषेतल्या खिडक्या-बटणं बनवायच्या साहित्यात, लिहिलेला. अडत, हमाली, तोलाई सगळं बिनबोभाट जमलं. छळलं ते खिडकीच्या कडेच्या बोटभर पट्टीनं.

स्क्रोलबारला तीनच हुकूम देता येतात: नेहमी दिस, कधीच दिसू नको, गरज पडली तर दिस. सज्जन माणूस तिसरा देतो अन् फसतो. ऐन मृग बहाराच्या आवकीत तक्त्यात एक ओळ वाढली, म्हणून उभी पट्टी आली. तिनं रुंदी खाल्ली, रकाने मावेनात, म्हणून आडवी आली. लग्नघरी एका पाहुण्याला बोलवावं अन् त्यानं साळाही सोबत आणावा, तसं. आडवीनं उंची खाल्ली आणि शेवटची ओळ झाकली. शेवटची ओळ म्हणजे टोटल!

"भाऊ, टोटल कुठं गेली?"

"खालीच आहे शेठजी, पट्टी ओढा."

"पैसे माहे, अन् ओढू बी मीच?"

बिलाच्या खिडकीत वेगळंच. तक्त्याला निदान ओळीएवढं सरकायची अक्कल असते. साध्या पॅनलचं, म्हणजे कोऱ्या चौकटीचं, युनिट इन्क्रिमेंट (सरकायचं एक पाऊल) मुळात 1 पिक्सेल. मुनीमजी माऊसचं चाक फिरवून फिरवून दमले, बिल जागचं हलेना. तिथं 16 टाकले, भागलं.

मग वजनकाट्याच्या नोंदी. मुनीमजी जुनी नोंद वाचत असतात, तेवढ्यात नवी येते आणि खिडकी धाडकन तळाला. त्यांना ती जागेवर हवी. शेठजींना ताजी नोंद समोर हवी. 2004 च्या जावा 5 पासून कॅरेटला, म्हणजे खिडकीला मागे ओढणाऱ्या कर्सरला, 'कधीच हलू नको' असं बजावता येतं, पण मग शेठजी बजावतात. तोडगा असा: पट्टी तळाला असेल तरच नव्या नोंदीमागे जायचं. आता तळ ओळखायचा कसा? पट्टी पार टेकली तरी तिची व्हॅल्यू (वरून किती सरकली तो आकडा) मॅक्सिममला (सगळ्या नोंदींच्या उंचीला) पोचत नाही, दिसणाऱ्या भागाची उंची त्यात मिळवावी लागते. तेही नवी नोंद टाकायच्या आधीच पाहायचं. नंतर पाहिलं तर तळ आणखी खाली गेलेला असतो. स्विंग लिहिणाऱ्यानं कधी मुनीमजींचा चेहरा पाहिला नसावा.

अखेर दोघंही खूश. टोटलसाठी मी रकाने थोडे अरुंद केले, आडवी पट्टी गेली.

"झकास झालं," शेठजी म्हणाले, "फक्त ते उभी पट्टी जराशी जाड करून द्या. चष्म्याबिगर दिसून नाही राहिली."

जाड केली. तिनं आणखी रुंदी खाल्ली.

"भाऊ, टोटल?"